समाजवादी पक्षाचा ऱ्हास आणि यवतमाळ जिल्हा : एक ऐतिहासिक आकलन

फ्रान्समध्ये १९८१ साली अध्यक्षपद जिंकणाऱ्या समाजवादी पक्षाच्या उमेदवारास २०२२ मध्ये दोन टक्केही मते मिळाली नाहीत. सत्तेत गेल्यावर आपल्याच कार्यक्रमापासून दूर सरकलेल्या पक्षाचा हा ऱ्हास होय. महाराष्ट्रात मात्र समाजवादी पक्ष सत्तेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याचा कार्यक्रम सत्ताधाऱ्यांनी आपलासा केला. यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात या प्रक्रियेचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता आदींच्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकारास आली. १९३४ मध्ये स्थापन झालेला हा पक्ष १९४८ मध्ये काँग्रेसबाहेर पडला. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत त्यास सुमारे साडेदहा टक्के मते मिळाली, जागा मात्र १२. पुढे विलीनीकरण व फाटाफूट यांचे चक्र सुरू राहिले आणि १९७७ मध्ये पक्ष जनता पक्षात विसर्जित झाला. या ऱ्हासाची कारणे सामान्यतः नेत्यांच्या मतभेदांत शोधली जातात. पक्षाच्या भूगोलाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे.

महाराष्ट्रातील समाजवाद्यांचे बळ प्रामुख्याने पुणे, मुंबई व कोकण येथे होते. ना. ग. गोरे व एस. एम. जोशी पुण्यातून, तर नाथ पै व मधु दंडवते राजापुरातून लोकसभेवर गेले. यवतमाळ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते. समाजवाद्यांनी ज्या संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात यश मिळविले, त्या लढ्याविषयी विदर्भात साशंकता होती. वणी येथे जन्मलेले लोकनायक बापूजी अणे हे तर स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते. पुढे जांबुवंतराव धोटे यांनी फॉरवर्ड ब्लॉकच्या झेंड्याखाली डावी भाषा व विदर्भवाद यांची सांगड घातली. त्यामुळे येथील असंतोषाला समाजवादी पक्षाची गरजच उरली नाही.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. जिल्हा परिषदांची रचना त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवर आधारलेली. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली रोजगार हमी योजना आणि त्याच सुमारास सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना या दोन्ही समाजवादी जाहीरनाम्यात शोभाव्यात अशाच होत्या. त्यांचे श्रेय स्वाभाविकपणे काँग्रेसकडे गेले. मृणाल गोरे यांच्यासारख्या नेत्यांचा महागाईविरोधी लढा मुंबईत गाजत होता. कापूस उत्पादकाला मात्र भाव देणारे सरकार पुसदच्या माणसाचे होते. येथे तत्त्वनिष्ठा उणी पडली असे म्हणता येत नाही, उणी पडली ती संघटना.

या अनुपस्थितीची किंमत उशिरा कळली. ऐंशीच्या दशकात शेतकऱ्यांचा रोष शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने संघटित केला. तिचा कल अखेर खुल्या बाजाराकडे होता. २००२ नंतर खाजगी व्यापाऱ्यांना मुभा मिळून कापसाची एकाधिकार खरेदी संपुष्टात आली. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळचा समावेश होता. एकाधिकार योजनेत दोष पुष्कळ होते. तथापि तिच्या जागी काय असावे, याची मांडणी करणारा समाजवादी पक्ष तेव्हा जिल्ह्यात नव्हता आणि ज्या पक्षाने ती योजना आणली होती, त्याच्या आघाडीचे सरकार राज्यात असतानाच ती मोडीत निघाली.