नायट्रो बोटीचे विद्युत रूपांतर

रेडिओ-नियंत्रित शर्यतीच्या नायट्रो बोटी मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगण तेलाच्या मिश्रणावर धावतात. कर्कश आवाज, धूर आणि ग्लो प्लगची कटकट टाळण्यासाठी अनेक छंदिष्ट त्याच बोटीत विद्युत मोटर बसवतात. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दाखवलेली रेडिओ-नियंत्रित बोटही बॅटरीवरच चालत होती.

प्रथम इंजिन, इंधनाची टाकी आणि एक्झॉस्ट पाइप काढले जातात. आतील पृष्ठभागावरचे तेल स्पिरिटने पुसून तो घासावा लागतो. अन्यथा इपॉक्सी धरत नाही. मग ब्रशलेस मोटर जुन्या लवचिक शाफ्टला जोडतात. ती उलटी फिरल्यास तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल पुरते. २,००० केव्हीची, म्हणजे प्रतिव्होल्ट २,००० फेऱ्यांची मोटर १४.८ व्होल्टवर भाराविना मिनिटाला सुमारे २९,६०० फेरे घेते. इंजिन गार ठेवणारी पाण्याची नळी आता मोटर व स्पीड कंट्रोलरकडे वळवली जाते.

खरी कसोटी मात्र तोलाची आणि पाण्याची. इंधन जळते तशी नायट्रो बोट हलकी होत जाते. बॅटरीचे वजन शेवटपर्यंत तेवढेच राहते. म्हणून बॅटऱ्या पुढे-मागे सरकवून गुरुत्वमध्य जुळवतात आणि नंतरच त्या पक्क्या करतात. इंजिनाला हवा लागत असल्याने झाकणाला झरोके असतात. तेही बुजवावे लागतात. भिजलेले इंजिन सुकवता येते. लिथियम-पॉलिमर बॅटरीत पाण्यामुळे शॉर्टसर्किट झाल्यास आगीचा धोका असतो.