जुन्या पिकअपचा ब्रेक आणि स्टेअरिंग जड झालं? आधी पट्टा बघा

अंबड एमआयडीसीतून माल भरून कसारा घाटाकडे निघण्याआधी जुन्या डिझेल पिकअपची ही तपासणी करून घ्यावी. ब्रेक आणि पॉवर स्टेअरिंग एकदमच जड झाले, तर बॉनेट उघडून पट्टे बघा. ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच असतो. तो आणि स्टेअरिंगचा पंप, दोन्ही पट्ट्यावर फिरतात. अल्टरनेटरचा पट्टा तुटला की बॅटरीचा दिवाही लागतो.

फक्त ब्रेक कडक असेल तर गाडी न्यूट्रलला घेऊन हँडब्रेक लावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग पाय तसाच ठेवून गाडी चालू करा. पेडल थोडं खाली जायला हवं. नाही गेलं, तर व्हॅक्यूमचा पाइप, पंप किंवा बूस्टर यांत बिघाड. पेडल मऊ लागत असेल, तर हवा शिरलीय किंवा ब्रेक ऑइल गळतंय. अशी गाडी रस्त्यावर काढूच नये, मिस्त्रीला जागेवर बोलवा.

स्टेअरिंग एकटंच जड असेल तर पुढच्या टायरची हवा बघा, मग ऑइल.

डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करणं तर जिवावरचं. बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन ब्रेकांतच संपतो.