ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक
ठाणे व पालघर जिल्ह्यांतील शेतीला कर्ज पुरवणारी सहकारी बँक, मुख्यालय ठाणे. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, बँक मात्र एकच राहिली. त्रिस्तरीय सहकारी पतरचनेतली ही मधली पायरी: खाली गावची विविध कार्यकारी सोसायटी, वर राज्य सहकारी बँक (स्थापना 1911); फेरकर्ज नाबार्डचे (स्थापना 1982). भातशेतकरी खरिपाच्या तोंडावर सोसायटीतून पीककर्ज उचलतो, सातबाऱ्यावर बोजा चढतो, मुदतीत फेड झाली तर व्याजात सवलत मिळते. थकबाकीदाराला नवे कर्ज मिळणे कठीण. मग सावकार आहेच. ठाणे जिल्ह्यातल्या शहरी विठ्ठलवाडी-उल्हासनगर पट्ट्यात आता भातखाचरे नावालाच. पीककर्जाची खरी निकड मुरबाड, शहापूर तालुक्यांकडे.