नाणेघाटात पूल का नाही?

"पीएचडी कशावर करतेस?" असं विचारलं की मी सांगते, घाटवाटांच्या इतिहासावर. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "त्यात काय शोधायचं?" आज तेच एका उदाहरणातून सांगते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या 'मिसिंग लिंक'चे फोटो तुम्ही पाहिले असतील. लोणावळ्याजवळ दरीवर उंच काँक्रीटचा व्हायडक्ट आणि त्याला जोडून लांबलचक बोगदे. आता जुन्नरच्या नाणेघाटात या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन काळात, कोकणातला माल याच वाटेनं जुन्नरला चढायचा. वर लेण्यात नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. जवळच एक दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकत असं लोक सांगतात. पण दरी ओलांडणारा पूल काही दिसत नाही. का?

कारण माल माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवर होता. लादलेलं जनावर खडकात खोदलेली उभी वाट चढतं. चाकाला ते जमत नाही. त्याला हलका चढ लागतो. बोरघाटात 1830 मध्ये गाडीरस्ता झाला. 1863 मध्ये रेल्वे चढली, तेव्हा 37 फुटांना 1 फूट हा सर्वांत तीव्र चढ ठेवला होता. तेवढ्यासाठी 25 बोगदे आणि 8 व्हायडक्ट बांधावे लागले. त्यातला मऊ-की-मल्लीचा दगडी व्हायडक्ट 1867 मध्ये कोसळला.

माझा मुद्दा इथे सुरू होतो. एका घाटात एवढा पैसा ओतला की पुढचा रस्ताही तिथेच ओढला जातो. बोरघाटात रेल्वेनंतर द्रुतगती मार्ग आला, आता मिसिंग लिंक. आणि जुन्नर? निजामशाहीची पहिली राजधानी असलेल्या या गावाला आजही रेल्वे नाही. नारायणगावचा टोमॅटो ट्रकनेच जातो. पुणे-नाशिक वेगवान रेल्वे या भागातून जाणार होती, पण खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणींना अडथळा नको म्हणून मार्ग बदलायचं रेल्वेनं जाहीर केलं. दुर्बीण मोलाचीच आहे. तरी वाट पुन्हा एकदा बाजूने गेली, हेही खरं.

म्हणून नवा व्हायडक्ट पाहिला की त्याच्या उंचीसोबत एवढंही विचारा: यामुळे कुठली गावं आडबाजूला पडली? तुमच्या आजी-आजोबांनी घाट पायी उतरल्याच्या गोष्टी सांगितल्या असतील, तर त्या लिहून ठेवा. दप्तरातल्या कागदांत त्या सापडत नाहीत.