ब्राउझरमध्ये फिरणारा पेनिसिलिनचा रेणू

पिंपळे सौदागरहून पवना नदी ओलांडली, की पिंपरी लागते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. देशातील पेनिसिलिन उत्पादनाचा पाया त्याने घातला. ज्या औषधाने पिंपरीला ओळख दिली, त्याचा रेणू आज घरबसल्या त्रिमितीत फिरवून पाहता येतो. त्यासाठी नेहमीचा ब्राउझर पुरेसा आहे.

कागदावर न दिसणारा ताण

पेनिसिलिन-जीच्या रेणूत ४१ अणू असतात. पाठ्यपुस्तकातील सपाट आकृतीत त्याच्या मध्यभागी एक साधा चौकोन दिसतो. तीन कार्बन व एक नायट्रोजन यांचे हे बीटा-लॅक्टम वलय होय. कार्बनच्या बंधांमधील कोन सामान्यतः १०९ ते १२० अंशांचा असतो. येथे तो ९० अंशांच्या आसपास दाबला गेलेला आहे. रेणू फिरवला, की शेजारचे गंधकयुक्त वलय अर्धवट उघडलेल्या पुस्तकाप्रमाणे त्याच्याशी दुमडलेले दिसते.

या ताणातच औषधाचे सामर्थ्य आहे. जीवाणूची पेशीभित्तिका सांधणाऱ्या विकराशी संबंध येताच चौकोन उघडतो आणि औषध विकराला घट्ट चिकटते. भित्तिका दुबळी होऊन जीवाणू मरतो. मात्र काही जीवाणू हेच वलय तोडणारे दुसरे विकर तयार करतात व औषध निष्प्रभ ठरते.

असे वलय अस्तित्वात आहे की नाही, यावर रसायनशास्त्रज्ञांत एकेकाळी मतभेद होते. ऑक्सफर्डच्या डोरोथी हॉजकिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकाचा अभ्यास करून हा वाद मिटवला. हॉजकिन यांना १९६४ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

चित्र कसे तयार होते?

रेणूच्या फाइलमध्ये प्रत्येक अणूचे स्थान तीन अंकांत नोंदवलेले असते. माउस हलताच त्या अंकांवरून चित्र नव्याने रेखाटले जाते. १९९० च्या दशकात यासाठी रासमोल हे सॉफ्टवेअर लोकप्रिय होते. पुढे ब्राउझरमध्ये जावावर चालणारे जेमोल आले. ब्राउझरांनी जावा अ‍ॅप्लेटची सोय बंद केल्यावर त्याची जागा जावास्क्रिप्टमधील जेएसमोलने घेतली. वेबजीएल तंत्रामुळे आता मोठी प्रथिनेही मोबाइलवर पाहता येतात.

पाहताना घ्यावयाची काळजी

लहान रेणूंसाठी ‘पबकेम’, तर प्रथिनांसाठी १९७१ साली सुरू झालेली ‘प्रोटीन डेटा बँक’ ही संकेतस्थळे विनामूल्य आहेत. दुसऱ्या संग्रहात दोन लाखांहून अधिक रचना आहेत. माउसने ओढल्यास रेणू फिरतो, चाकाने जवळ येतो. ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, गंधक पिवळा, हायड्रोजन पांढरा व कार्बन करडा, हे रंग केवळ संकेत आहेत. अणूंना असे रंग नसतात, बंधही काड्यांसारखे नसतात.

पबकेममधील त्रिमिती आकार गणिताने काढलेले असतात, तर प्रोटीन डेटा बँकेतील रचना मुख्यतः प्रयोगातून मिळालेल्या असतात. हा फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

सरावासाठी पेनिसिलिन-जी, अ‍ॅमॉक्सिसिलिन व सेफालेक्सिन हे रेणू शेजारी-शेजारी उघडावेत. तिघांतही तो ताणलेला चौकोन सापडतो. सेफालेक्सिनमध्ये मात्र त्याच्या शेजारचे वलय पाचऐवजी सहा अणूंचे असते.