चौथीनंतर, सातवीनंतर : शाळा बदलण्याच्या प्रश्नाचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे दरवर्षी परीक्षा आटोपल्या की पालक एकच प्रश्न घेऊन येत असत. “गुरुजी, पोराची सातवी झाली. आठवीला इथंच ठेवू, की दुसरीकडं घालू?” गुरुजी लगेच उत्तर देत नसत. आधी मुलाला जवळ बोलावून त्याच्याकडून चार ओळी वाचून घेत, मग बोलत. त्या वेळी मला ती त्यांची सवय वाटे. पुढे इतिहासाचा अभ्यास करू लागल्यावर या प्रश्नाला दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे असे दिसले, आणि गुरुजींच्या त्या चार ओळींचा अर्थही उमगला. आज तो इतिहास आपल्यापुढे मांडावा, असा विचार आहे.

आपला बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई इलाख्याचा, पुढे मुंबई राज्याचा भाग होता. त्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांचे शिक्षण मुंबईच्या शिक्षणखात्याच्या चौकटीत झाले. ही चौकट १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर पक्की होत गेली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. त्या दिवसापासून शिक्षणाच्या वाटेच्या टोकाशी एक दार उभे राहिले. सरकारी नोकरी, वकिली, कॉलेज या सर्वांचा प्रवेश त्या दारातून होता, आणि त्या दाराची भाषा इंग्रजी होती.

पुढे रुळलेल्या व्यवस्थेत मराठी चौथी झाली की वाट दुभंगत असे. एक वाट ‘इंग्रजी पहिली’ची. तिच्यात सात इयत्ता करून मुलगा मॅट्रिकला बसे. दुसरी वाट मराठी शाळेतच पाचवी, सहावी, सातवी करून ‘व्हर्नाक्युलर फायनल’ला बसण्याची. फायनल झालेल्या मुलाला प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळे, तलाठ्याची जागा मिळे. पहिली वाट लांब, खर्चाची आणि बहुधा घरापासून दूरची, तर दुसरी जवळची आणि लवकर पोटाला लावणारी होती. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या वतीने घरातील कर्त्या पुरुषाला हा निर्णय घ्यावा लागे आणि तो एकदा घेतला की फिरवणे अवघड होते. फायनलनंतर इंग्रजीकडे वळणाऱ्या मुलाला मिसरूड फुटण्याच्या वयात लहान मुलांच्या बाकावर बसून इंग्रजी मुळाक्षरे गिरवावी लागत.

अर्थात ज्यांच्यापुढे ही दुभंगलेली वाट कधी आलीच नाही, अशांची संख्या फार मोठी होती. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हीच तक्रार मांडली होती. शेतकऱ्यांच्या करातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांची प्राथमिक शाळा उपाशी राहते, असा त्यांचा आशय होता. शाळा बदलावी की नाही, हा प्रश्न पडण्यासाठी आधी मुलगा शाळेत असावा लागतो, हे आपण विसरू नये. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न पडणेच कित्येक दशके अपवादात्मक होते.

आता या वाटेने गेलेल्या काही माणसांकडे वळू.

महादेव गोविंद रानडे यांचे आरंभीचे शिक्षण कोल्हापुरात झाले. तेथील इंग्रजी शाळेतून पुढे जाण्यासाठी चौदा-पंधरा वर्षांच्या या मुलाला मुंबईला एल्फिन्स्टन संस्थेत जावे लागले. तेव्हा कोल्हापूरला रेल्वे नव्हती. पहिल्या मॅट्रिकच्या मोजक्या यशस्वी विद्यार्थ्यांत त्यांचे नाव आहे. हे उदाहरण योग्य वेळी शाळा बदलल्याचे म्हणून नेहमी दिले जाते. परंतु रानड्यांचे वडील कोल्हापूर दरबारच्या सेवेत होते आणि मुलाला दूर ठेवण्याची ऐपत घरात होती, हेही त्याच्याबरोबर सांगितले पाहिजे.

दुसरे उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचे. ते मला अधिक बोलके वाटते. कोकणातील मुरूडचा हा मुलगा मराठी शाळेत शिकला. १८७५ मध्ये सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी तो सोबत्यांबरोबर शंभर मैलांहून अधिक अंतर पायी तुडवून साताऱ्याला गेला. परीक्षेला सतरा वर्षे पूर्ण असण्याची अट होती. ती पुरी झालेली असूनही अंगकाठी लहान असल्यामुळे अधिकाऱ्यांचा विश्वास बसला नाही आणि त्याला परत पाठवण्यात आले. पुढे ती परीक्षा तो उत्तीर्ण झाला. त्यानंतर तो इंग्रजीकडे वळला, रत्नागिरी आणि मग मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेत शिकला आणि १८८१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी मॅट्रिक झाला. तीनच वर्षांनी ते बी. ए. झाले. मराठी शाळेत घालवलेली वर्षे वाया गेली असती, तर पुढची मजल इतक्या झपाट्याने मारता आली नसती. तरीही उशिरा वळण्याची किंमत त्यांनी मोजली होती.

तिसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत त्यांचे नाव दाखल झाले. १९०४ च्या सुमारास सुभेदार रामजी कुटुंबासह मुंबईला आले आणि मुलाला पुढे एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. परळच्या चाळीतील एका खोलीत सारा संसार होता. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण ठेवण्याची वेळ रामजींवर येत असे. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. येथे ऐपत नव्हती. शाळेत अस्पृश्यतेचा जाच साताऱ्यातही होता आणि मुंबईतही संपला नाही. परंतु मुलाच्या अभ्यासावर पहारा देणारा बाप घरात होता. मुलाला चांगल्या शाळेत घातले म्हणजे आपले काम संपले, असे त्या निवृत्त सुभेदाराने मानले नाही.

या तीन उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. शाळा बदलणे यशस्वी ठरले ते शाळेच्या नावामुळे नव्हे. मुलाच्या हाताशी आधीच्या शिक्षणाचे भांडवल होते आणि पाठीशी कोणीतरी उभे होते, म्हणून ते यशस्वी ठरले. हे दोन्ही नसलेली किती मुले वार लावून जेवत, नादारीवर शिकत, तिसऱ्या-चौथ्या इंग्रजीतून गळाली, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

कर्व्यांची कथा मात्र येथे संपत नाही. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा इंग्रजी हा विषय ठेवूनही शिक्षणाचे माध्यम मातृभाषा ठेवले. ज्याने स्वतः वीस वर्षांच्या आसपास इंग्रजीची वाट तुडवली, त्याने मुलींसाठी भाषेचा तो फेरा वाचवणारा रस्ता बांधला. वाट कठीण असेल तर मुलांनी अधिक चालावे, असा उपदेश त्यांनी केला नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे पाहू. पालक निर्णय घेतो तो समोर दिसणाऱ्या दाराकडे पाहून. परंतु मूल मोठे होईपर्यंत ते दार जागचे हलते, आणि आपल्या भागात ते वारंवार हललेले आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबई राज्यातील खेर मंत्रिमंडळाने पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढले आणि ते आठवीपासून सुरू केले. चौथीनंतर दुभंगणारी जुनी वाट त्यामुळे बुजली. हेतू मातृभाषेचा मान राखण्याचा होता. परंतु ज्यांना परवडे त्यांनी मुलांना शिकवण्या लावल्या आणि ज्यांना परवडत नव्हते त्यांची मुले तीन वर्षे मागे पडली. व्हर्नाक्युलर फायनलचे महत्त्वही पुढे ओसरले. त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर मुलाला मराठी शाळेत ठेवणाऱ्या बापाची चूक काय होती? त्याने आपल्या काळाचे दार बरोबर ओळखले होते.

घाट उतरून गोव्यात गेले तर हेच अधिक ठळक दिसते. पणजीचे लायसियम १८५४ चे. पोर्तुगीज अमलात सरकारी नोकरीची वाट तेथून जाई. १९१० च्या प्रजासत्ताकानंतर हिंदू समाजालाही मोकळीक मिळाली आणि गोव्यातच मुंबईच्या मॅट्रिकची तयारी करून घेणाऱ्या इंग्रजी शाळा वाढल्या. लायसियम की इंग्रजी शाळा, हा प्रश्न गोमंतकीय घरांत दोन पिढ्या चर्चिला गेला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पोर्तुगीजमध्ये प्रावीण्य मिळवलेल्यांपुढचे कचेरीचे दार अल्पकाळात बदलले. पण ज्यांचे शिक्षण खोलवर झाले होते, ते नव्या व्यवस्थेतही अध्यापन, संशोधन, वकिली करीत राहिले. भाषा बदलली तरी विचार करण्याची सवय राहिली.

आणि आपले स्वतःचे दार तर १९५६ मध्ये हलले. त्या वर्षी चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात गेला आणि बेळगाव, खानापूर म्हैसूर राज्यात आले. तोवर एकाच जिल्ह्यात असलेल्या शेजारच्या गावांतील मुलांच्या परीक्षा निराळ्या झाल्या. शिनोळीचा मुलगा महाराष्ट्राच्या मंडळाच्या परीक्षेला बसू लागला, आणि चार मैलांवरचा त्याचा मामेभाऊ इकडच्या परीक्षेला. प्राथमिक सातवीपर्यंत आणि हायस्कूल आठवी ते दहावी, अशी रचना आपल्याकडे रुजली आणि आजोबांचा चौथीनंतरचा प्रश्न आपल्या घरात सातवीनंतरचा झाला. त्यात आता तीन भाषांचा हिशेब होता. १९८१ चा गोकाक समितीचा अहवाल, १९८६ चे कन्नडसक्तीविरुद्धचे सीमाभागातील आंदोलन आणि माध्यमाविषयीचे न्यायालयीन वाद यांच्या सावलीत आपल्या पालकांनी हे निर्णय घेतले. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांना असल्याचा निर्णय दिला. कायद्याने प्रश्न पालकाच्या हाती दिला. उत्तर मात्र त्यालाच शोधायचे आहे.

मित्रहो, मराठी शाळांचा पट उतरू लागला की आपण सभांतून पालकांना दोष देतो. मुलांना इंग्रजी शाळेत घालणाऱ्याला भाषाद्रोही म्हणण्यापर्यंत आपली मजल जाते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हा आरोप मान्य नाही. मराठी माणसाने प्रत्येक पिढीत मुलासाठी समोरचे दार पाहिले आहे, आणि ज्यांचा आपण अभिमान बाळगतो त्यांच्या वडिलांनीही तेच केले. या सभागृहात बसलेल्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांनी आपली मुले अन्यत्र घातली आहेत. मीही माझ्या मुलीला आठवीला इंग्रजी माध्यमात घातले. पहिली सहामाही तिने रडत काढली आणि नंतर ती सावरली. तिला सावरले ते या शाळेतील सात वर्षांच्या वाचनाने, असे ती आज स्वतः सांगते. पण तिच्याबरोबर गेलेल्या दोघी दहावीपर्यंत पोहोचल्या नाहीत, हेही मला विसरता येत नाही.

तेव्हा पालकांना सांगायचे ते इतकेच. दार पाहा, पण ते हलणारे आहे हे ध्यानात ठेवा. मुलाला अनोळखी मजकूर वाचून त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगता येतो का, ते आधी पाहा. येत असेल, तर ते नव्या शाळेत ठेचकाळेल पण उभे राहील. येत नसेल, तर शाळा बदलून ती उणीव झाकली जाईल, भरून निघणार नाही. गुरुजी चार ओळी वाचून घेत ते याचसाठी.

आणि शाळेला सांगायचे ते कर्व्यांच्या उदाहरणातून. आपल्या शाळेतील इंग्रजी आणि कन्नड इतके भक्कम करा की जाणारे मूल बुजणार नाही आणि राहणाऱ्याला पश्चात्ताप होणार नाही.

शेवटी एक विनंती. प्रत्येक जुन्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते आणि त्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. ‘पुढील शिक्षणासाठी’, ‘वडिलांची बदली’, ‘सतत गैरहजर’ अशा दोन-तीन शब्दांत तेथे एकेका मुलाचे आयुष्य वळलेले असते. माजी विद्यार्थी संघाने आपल्या शाळेची ही रजिस्टरे वाचायला घ्यावीत, गेलेल्यांचा आणि राहिलेल्यांचा पुढचा प्रवास त्यांच्या घरी जाऊन विचारावा आणि लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी एखादा बाप तोच प्रश्न घेऊन येईल, तेव्हा त्याच्यापुढे ठेवायला आपल्याच मुलांची हकीकत असेल. गुरुजींचे त्याहून चांगले स्मारक मला सुचत नाही.