दीडशे मर्सिडीज आणि पंधरा वर्षांचा हिशोब

ऑक्टोबर 2010. शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदमच 150 मर्सिडीज घेतल्या. किंमत सुमारे 65 कोटी. नगरमध्ये आमच्या कट्ट्यावर कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता.

तशी जर्मन गाडी आपल्याला लांबची नाहीच. 1995 पासून मर्सिडीज पिंपरीत टेल्कोच्या आवारात जुळायची, 2009 ला चाकणचा कारखाना झाला. ऑडी 2007 पासून शेंद्र्याला जुळू लागली. मधोमध आपलं नगर.

त्या काळातल्या गाड्यांना आता पंधरा वर्षं झालीत. परवा मेव्हण्याबरोबर अशीच एक बघायला गेलो. भाव नव्या छोट्या गाडीएवढा. मेव्हणे टोकन द्यायलाच निघाले होते. आरसी बघितलं तर नोंदणीची मुदत दोन महिन्यांवर! विकणारा त्यावर चकार शब्द बोलला नव्हता.

मंडळी, घेण्याआधी एवढं बघाच:

• 15 वर्षांनंतर आरटीओत गाडी दाखवून नोंदणी वाढवावी लागते, तीही पाच-पाच वर्षांसाठी. वर पर्यावरण कर.

• दिल्लीत 10 वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने बंदी आणली, 2018 ला सुप्रीम कोर्टानेही ती उचलून धरली. म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर पडल्या. अशी गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स भरला का, ते आधी बघा.

• आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका.

• 2015 च्या फोक्सवॅगन धूर-घोटाळ्यानंतर भारतात सुमारे सव्वातीन लाख डिझेल गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, त्यात ऑडीही होत्या. चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा. किलोमीटरचं खरं-खोटंही तिथंच कळतं.

• इंजिन थंड असतानाच चालू करायला लावा. गिअर बदलताना झटका बसतो का बघा. एअर सस्पेन्शन असेल तर रात्रभर उभी ठेवून सकाळी एखादा कोपरा खाली बसलाय का पाहा.

जुन्या गाडीचा भाव पडतो, तिच्या पार्टचा पडत नाही. मेव्हण्यांनी टोकन खिशात ठेवलं. तुमच्यापैकी कुणी अशी गाडी घेतली असेल तर अनुभव खाली लिहा, दुसऱ्याचे पैसे वाचतील.